चार आकडी कुलूप

रस्ता संपतो तिथे इस्टेटीचं फाटक.
फाटकाला टाळं, तारेवर मेंढीच्या लोकरीचे पुंजके.
सायकली उचलून पलीकडे टाकल्या,
आधी त्याची, मग माझी,
आणि मग दोन म्हातारे, एकमेकांच्या बुडाला टेकू देत.

मर्डो मॅकास्किल. वय सत्तर, धड गुडघा एकच.
सायकल मुलीची, तिला घंटी,
खडीच्या दर खड्ड्यात ती आपसूक किणकिणे
आणि उतारावरची हरणं माना वर करून बघत,
इथे कुठली शाळा सुटली?

सात मैल.
डावीकडे तळं, पाणी शिशाच्या रंगाचं.
उजवीकडे छप्पर नसलेली घरं,
त्याच्या पणज्याला जिथून हुसकून लावलं ती.
मर्डो तिकडे बघत नाही.
पेडल जरा जोरात मारतो, एवढंच.

ओढ्यापाशी वाट संपली.
मेंढवाड्याच्या पडक्या भिंतीला सायकली टेकवल्या
आणि मर्डोनं खिशातून नवंकोरं कुलूप काढलं,
साखळी दोन्ही सायकलींच्या दांड्यांतून ओवली.
मी म्हटलं, अरे, वीस मैलांत माणूस नाही,
नेणार कोण, हरीण?
"हरणाचा काय भरवसा," म्हणाला,
आणि आकडे फिरवले.
मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. सहजच.

मग गवत, मग दलदल,
बूट बाहेर काढावा तर चिखल मागे ओढतो,
कानामागे चिलटं,
मग वारा आला, चिलटं गेली, नुसते दगड.
समोरच्या एकेका शिखराचं नाव तो गेलिकमध्ये घेत राहिला,
बोटानं नाही, हनुवटीनं दाखवत,
लग्नघरात नातेवाईक दाखवावेत तसं.

माथ्यावर धुकं.
दगडांची रास, तिच्यावर कुणाचातरी ओला हातमोजा.
काही म्हणजे काही दिसलं नाही.
ओटच्या बिस्किटांवर चीज ठेवून खाल्लं,
आणि त्यानं त्याच्या सगळ्या कुत्र्यांची नावं सांगितली, पहिल्यापासून:
फ्लॉस, मर्क, टॅम, लंगडी नेल, दुसरी फ्लॉस.
एकही चुकलं नाही.

खाली आलो तेव्हा सहा वाजून गेले होते.
तो कुलपापाशी उकिडवा बसला.
आकडे फिरवले, ओढलं. नाही.
मुलीचं जन्मसाल. नाही.
मोराग गेली ते साल. नाही.
मग नुसताच अंगठा फिरवत राहिला,
माणूस अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपतो ना,
स्वतःच्याच घरात, तसा.

मला आकडा ठाऊक होता.
ओठांवर आला होता. मी तो गिळला.
का, ते अजून धड सांगता येत नाही.
त्यानं मान वर केली नव्हती.
केली असती तर कदाचित बोललो असतो.

"ढकलत नेऊ," मी म्हटलं.

सात मैल. एका दाव्याला बांधलेल्या दोन आडमुठ्या गाई.
एकानं खड्डा टाळावा तर दुसरा दगडात.
पुढे होता येईना, मागे राहता येईना,
घंटी आपली चालूच.
बोललो ते गुडघ्याबद्दल, लोण्याच्या भावाबद्दल.
एकदाच थांबून तो म्हणाला, "हल्ली होतं असं."
मी म्हटलं, "हं."
तळ्यावर अजून उजेड होता.
जूनमध्ये इथे रात्र नावापुरती येते,
उंबऱ्यावरूनच परत जाते.

फाटकापाशी अकरा वाजले. तो भिंतीआड लघवीला गेला.
मी चार आकडे जुळवले.
साखळी सैल होऊन गवतात पडली.
"उघडलं!" मी ओरडलो, "आपोआप! गंजलं होतं बहुतेक."

बराच वेळ भिंतीआडून काहीच नाही.
मग पँट सावरत आला, कुलूप उचललं,
उलटंसुलटं करून पाहिलं.
"मंगळवारी घेतलंय," म्हणाला,

आणि फाटकावरून या खेपेस
सायकल आधी माझी उचलली.